मिठातलं सोडियम आणि सोसायटीचा जनरेटर

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत वीज गेली की गेटजवळचा डिझेल जनरेटर धडधडायला लागतो. धुराचा पहिला भपकारा थेट तळमजल्यावर शिरतो. तिथल्या आजी अंधारात चाचपडत आधी खिडकी लावतात, मग टॉर्च शोधतात. हा सगळा खटाटोप लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी. एवढ्या कामाला मोठी बॅटरी का नको, असं मी मीटिंगमध्ये दोनदा विचारलं. लिथियमची महाग पडते आणि आगीची भीती वाटते, हे उत्तर मिळालं. दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणूनच माझं लक्ष सोडियम-आयन बॅटरीकडे आहे.

सोडियम म्हणजे मिठातलंच. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला खाडीलगत मिठागरं पसरली आहेत, त्या मिठातलं. पृथ्वीच्या कवचात लिथियमपेक्षा ते हजारपटीने जास्त आहे. बॅटरीच्या कारखान्याला लागणारा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिठापासून करता येतो. गुजरातेत मिठापूरला तो कित्येक दशकं तयार होतोय.

दोन्ही बॅटऱ्यांची चाल एकच. चार्ज करताना आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन बसतात, वापरताना परततात. पण सोडियमचा आयन अंगाने मोठा, वजनाला तिपटीहून जड. लिथियमचे आयन ज्यात बसतात त्या ग्राफाइटच्या आखीव थरांत त्याला नीट बसता येत नाही. म्हणून तिथे वेड्यावाकड्या रचनेचा 'हार्ड कार्बन' वापरतात. तो नारळाच्या करवंटीपासूनही बनतो, आणि कोकणच्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र बॅटरीत वीज वाहून नेणाऱ्या एका पातळ पत्र्याची आहे. लिथियम अ‍ॅल्युमिनियमशी मिसळून त्याला खराब करतं, त्यामुळे ऋण बाजूला महागडं तांबं लावावं लागतं. सोडियम तसं करत नाही; दोन्हीकडे स्वस्त अ‍ॅल्युमिनियम चालतं. शिवाय लिथियमची बॅटरी फार उतरली तर हे तांबं विरघळू लागतं आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. सोडियमची बॅटरी पार शून्यावर आणून ट्रकमध्ये चढवता येते.

उणीव आहे ती वजनाची. चीनच्या सीएटीएल कंपनीने 2021 मध्ये जाहीर केलेला सोडियम सेल किलोमागे 160 वॉट-तास वीज साठवायचा; लिथियमचे चांगले सेल 250 च्या पुढे जातात. खिशातल्या फोनला हा फरक जड जातो. गेटजवळच्या खोलीतल्या बॅटरीला कुठे फिरायचंय?

आगीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. आतला द्रव इथेही सहसा पेट घेणाराच असतो. 'मिठाची बॅटरी पेटतच नाही' असं कुणी सांगत आलं तर त्याच्याकडे चाचणीचे कागद मागावेत. व्हॅनेडियम फ्लो बॅटरी या तिसऱ्या प्रकारात पाण्यातलं द्रावण असल्याने ती भीती जवळपास नाही, पण तिला टाक्या आणि पंप लागतात, आणि आमच्याकडे पार्किंगलाच जागा पुरत नाही.

आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये स्वतःचं सोडियम तंत्रज्ञान जाहीर केलं. रिलायन्सने त्याआधीच ब्रिटनची फॅराडियन ही सोडियम बॅटरीची कंपनी घेतली होती. मधल्या काळात लिथियमचे भाव कोसळले, त्यामुळे सोडियमचा स्वस्ताईचा फायदा आक्रसला. तो पुन्हा वाढेल तो मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्यावर.

आमच्या जनरेटरचं मोठं काम पुढच्या वर्षी निघणार आहे. त्याआधी सोडियम बॅटरीचा दर, हमीची वर्षं आणि चाचणीचे कागद मी कमिटीपुढे ठेवणार आहे. मीटिंगला तळमजल्याच्या आजींनाही घेऊन जाणार आहे.