वायफायचा डोंगल आधी सीडी बनून का येतो?

परवा जुळे सोलापुरातनं भाच्याचा फोन, "मामा, वायफायचा डोंगल आणला तर दुकानदारानं फसवलं की, लावला की सीडी दिसायलीय नुसती, वायफायचा पत्ताच नाही." म्हटलं परत देऊ नको, संध्याकाळी येतो.

फसवलं कुणीच नव्हतं. डोंगल यूएसबी पोर्टात घातल्या घातल्या त्याची कॉम्प्युटरशी जी बोलणी होतात ना ती मला जाम आवडतात. डोंगलच्या आत दीड किलोओहमचा एक रेझिस्टर असतो, तो एका डेटा वायरचं व्होल्टेज वर ओढतो आणि कॉम्प्युटरला कळतं कोणीतरी आलंय. मग कॉम्प्युटर त्याला रिसेट करतो, १ ते १२७ मधला एक नंबर देतो आणि विचारतो तू कोण, त्यावर डोंगल १८ बाईटची ओळख पाठवतो. त्यातले दोन आकडे मोलाचे, कंपनीचा नंबर म्हणजे व्हीआयडी आणि वस्तूचा नंबर म्हणजे पीआयडी. विंडोज ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्रॅम, शोधतं ते ह्या जोडीवरून, खोक्यावरच्या नावाशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून तर एकाच मॉडेलच्या व्ही१ आणि व्ही२ आवृत्त्यांमध्ये चिप वेगळी निघाली की एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं गेलात की ही जोडी दिसते. तिथं कोड २८ आला तर ड्रायव्हरच बसलेला नाही असं समजा.

भाच्याच्या डोंगलचा व्हीआयडी ०बीडीए, म्हणजे रिअलटेक ही चिप बनवणारी कंपनी, आणि पीआयडी १ए२बी. हा पीआयडी वायफायचा नाहीच, सीडी ड्राइव्हचा आहे! नेट नसताना ड्रायव्हर आणणार कुठनं, म्हणून तो डोंगलमध्येच भरून देतात आणि डोंगल आधी सीडी बनून येतो. त्यातला सेटअप चालवला की ड्रायव्हर बसतो, सीडीला इजेक्टची कमांड जाते, डोंगल जागेवरच स्वतःला तोडून घेतो आणि परत जोडला जातो, मग रिसेट, नंबर, ओळख सगळं पहिल्यापासून, फक्त आता पीआयडी सी८११ आणि काम वायफायचं. लिनक्सवर ती इजेक्ट यूएसबी मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम पाठवतो, आणि ह्या चिपचा ड्रायव्हर २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापासून, आतच आहे.

ताईचं म्हणणं, अवसेला आणलेली वस्तू अशीच त्रास देते. तसं काही नसतं हो, तिथी कुठलीही असो, चिप तेच १८ बाईट पाठवते. आणि खोक्यावरच्या ६०० एमबीपीएसलाही भुलू नका, ती २.४ गिगाहर्ट्झ बँडच्या १५० आणि ५ गिगाहर्ट्झ बँडच्या ४३३ ची गोळाबेरीज आहे, एका वेळी एकच बँड चालतो.

सेटअप केला, वायफाय लागलं, पण तुटायला लागलं. डोंगल मागच्या निळ्या म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात, शेजारी हार्डडिस्क, आणि यूएसबी ३ च्या सिग्नलची खरखर नेमकी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये पसरते, इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून छापलंय. पुढच्या काळ्या म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टातनं हातभर एक्स्टेन्शन वायर काढून डोंगल टेबलावर आणून ठेवला, तेव्हापासून एकदाही तुटलं नाही.