सुमी म्हणजे नेमकं काय?

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय, की हाक मारायच्या छोट्या नावालाही स्वतःचा ठरलेला अर्थ असतो आणि माणसाचा स्वभाव त्यावरून कळतो. वाटणं साहजिक आहे, कारण पूर्ण नावाला अर्थ असतोच ना.

पण सुमी घ्या. ही सुमन असेल, सुमती असेल नाहीतर सुमित्रा. तिन्हीत 'सु' म्हणजे चांगलं, इथपर्यंत ठीक, पुढचा 'म' मात्र एकीत मनाचा, दुसरीत मतीचा, तिसरीत मित्राचा, म्हणजे शब्द मधेच तोडलाय आणि उरलेल्या तुकड्याला कसला आलाय अर्थ, आणि शेवटची 'ई' तर नुसती लाडाची. इंग्रजीत विल्यमचं विल आणि विलचं बिल झालं, त्यातला 'ब' मूळ नावात नाहीच! अलेक्सचं थोडं वेगळं, ग्रीकमधल्या 'रक्षण करणे' या धातूचा तुकडा त्यात शाबूत राहिलाय, पण ते अलेक्झांडरमुळे.

तपासायचं तर आधी पूर्ण नाव विचारा, मग त्याची फोड शब्दकोशात बघा. आणि स्वभावाचं म्हणाल तर ओळखीतल्या दोन सुम्या शेजारी उभ्या करा, एक बोलघेवडी निघेल, दुसरी घुमी.