मालमत्ता कामगिरी मूल्यमापन व व्यवस्थापन (इमारती आणि पायाभूत सुविधा)

इमारती, पूल, रस्ते, जलवाहिन्या, मलनिस्सारण व्यवस्था, धरणे, लोहमार्ग अशा बांधीव मालमत्ता ज्या कामासाठी उभारल्या ते काम त्या कितपत नीट करतात, पुढे किती काळ करतील आणि त्यासाठी त्यांच्यावर कधी, कुठे, किती खर्च करावा, हे ठरवण्याच्या पद्धतींचा अभ्यास करणारी विद्याशाखा. स्थापत्य अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, लेखाशास्त्र आणि सार्वजनिक प्रशासन यांच्या सीमेवर ती वाढली. बांधण्याची विद्या हजारो वर्षांची आहे. बांधून झाल्यावर पुढची पन्नास-शंभर वर्षे त्या वास्तूचे काय करायचे, याची शिस्तबद्ध विद्या मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांतली.

स्थिती आणि कामगिरी

या शाखेतला पायाभूत भेद स्थिती व कामगिरी यांमधला आहे. भेगा, गंज, ओल, सुटलेला गिलावा ही स्थितीची लक्षणे. कामगिरी म्हणजे वापरणाऱ्याच्या पदरात पडणारी सेवा. जुनी बिडाची जलवाहिनी बाहेरून गंजलेली असली तरी पुरेशा दाबाने स्वच्छ पाणी पोहोचवत असेल, तर तिची स्थिती मध्यम पण कामगिरी चांगली म्हणावी लागते. उलट एखाद्या नव्याकोऱ्या इमारतीच्या भिंतीवर ओरखडाही नसतो, पण वरच्या मजल्यावर दुपारी बसवत नाही, लिफ्टपुढे रांग लागते आणि वीजवापर आराखड्यातल्या अंदाजाच्या कितीतरी पुढे जातो. स्थितीचे गुण भरपूर, कामगिरी नापास.

म्हणून मूल्यमापनाची सुरुवात सेवास्तर ठरवण्यापासून होते. नळाला किमान किती दाब हवा, पूल दुरुस्तीसाठी वर्षातून किती तास बंद राहिलेला चालेल, खोलीचे तापमान कोणत्या मर्यादेत राहावे, हे आधी लिहून काढावे लागते. ही आकडेमोड वाटते, पण तिच्यामागे कोणाला काय मिळायला हवे याचा निर्णय असतो. तो न घेताच मोजमापाला लागलेल्या संस्था ढीगभर नोंदी जमवतात आणि दुरुस्तीचा क्रम शेवटी तक्रारींच्या जोरावरच लागतो.

वय हा कामगिरीचा भरवशाचा निर्देशक नाही, हे विमानांच्या देखभालीतून आलेल्या एका अभ्यासाने ठळकपणे दाखवले. नॉलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालानुसार विमानातल्या सुमारे ११ टक्के घटकांमध्येच वय वाढेल तसा बिघाडाचा धोका वाढताना दिसला. उरलेल्यांचा बिघाड वयाशी बांधलेला नव्हता, म्हणजे ठरावीक मुदतीने भाग बदलून फारसे साधत नव्हते. पंप, लिफ्ट, वातानुकूलन यांसारख्या इमारतीतल्या यंत्रणांची देखभाल आखताना हा धडा उपयोगी पडतो. पूल किंवा काँक्रीटचा सांगाडा यांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण गंज आणि थकवा हे काळाबरोबर साचत जाणारे दोष आहेत.

दोन प्रारंभबिंदू

आज वापरात असलेल्या पद्धतींची मुळे विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत सापडतात. पहिले मूळ एका प्रयोगात आहे. इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात चाचणीसाठी मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक चालवून रस्ते कसे झिजतात ते मोजण्यात आले. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान साधारण सोळापट होते, हा चौथ्या घाताचा प्रसिद्ध नियम याच प्रयोगातला. पण त्याहून मोलाचे काम दुसरेच झाले. रस्ता कसा वाटतो याचे ० ते ५ असे गुण प्रवास करणाऱ्या परीक्षकांकडून घेतले आणि मग ते गुण खडबडीतपणा, चाकोरीची खोली, भेगा व ठिगळे यांच्या मोजमापांशी जुळवून पाहिले. माणसाचे मत बहुतांशी खडबडीतपणावरच ठरते असे आढळले. भेगांचा त्यात वाटा अगदी थोडा होता. प्रवाशाला भेग जाणवत नाही. अभियंत्याला मात्र ती पाहावीच लागते, कारण तिच्यातून पाणी शिरते आणि खालचा थर खचू लागतो. वापरणाऱ्याचा अनुभव आणि तज्ज्ञाचे निदान ही दोन वेगळी मापे आहेत व दोन्ही लागतात, हे तेव्हापासून मान्य झाले.

दुसरे मूळ एका दुर्घटनेत आहे. ओहायो नदीवरचा १९२८ चा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ जण मृत्युमुखी पडले. हा झुलता पूल दोरांऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या होत्या आणि पट्टीच्या टोकाच्या छिद्रातून खिळी घालून त्या एकमेकींना जोडल्या होत्या. अशाच एका छिद्राच्या आतल्या पृष्ठभागावर गंज आणि ताण यांच्या संयुक्त परिणामाने जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर पडली होती. ती पट्टी तुटली, जोडीदार पट्टीला एकटीने भार पेलवला नाही आणि सबंध पूल एकापाठोपाठ एक खाली आला. जोड उलगडल्याशिवाय ती चीर कुणालाही दिसली नसती. या घटनेनंतर अमेरिकेत पुलांच्या तपासणीची राष्ट्रीय मानके १९७१ मध्ये लागू झाली व साधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची ठरली. तपासणी वाढली हे योग्यच झाले. मात्र या दुर्घटनेचा खरा बोध रचनेत आहे : एक भाग तुटला तर भार घ्यायला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न कामगिरीच्या मूल्यमापनात स्थितीच्या गुणांइतकाच वरचा असला पाहिजे.

पुढे ब्रिटनमध्ये २००४ साली ‘पास ५५’ हे मालमत्ता व्यवस्थापनाचे विनिर्देश निघाले आणि त्यांच्या आधारावर २०१४ मध्ये ‘आयएसओ ५५०००’ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आली. तिची सुधारित आवृत्ती २०२४ ची आहे. ही मानके कोणती चाचणी करा ते सांगत नाहीत. मालमत्तेविषयीचे निर्णय संस्थेच्या उद्दिष्टांशी, जोखमीशी आणि खर्चाशी जोडलेले आहेत का, एवढेच ती तपासतात.

मोजमाप

बहुतेक मालमत्तांचे मूल्यमापन अजूनही डोळ्यांनीच होते. निरीक्षक जागेवर जातो, पाहतो, ठोकून आवाज ऐकतो, छायाचित्रे घेतो आणि गुण देतो. या पद्धतीची मर्यादा अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उघड झाली. ४९ प्रशिक्षित निरीक्षकांना त्याच त्या पुलांची तपासणी करायला लावले, तेव्हा पुलाच्या एकेका मुख्य भागाला ० ते ९ च्या श्रेणीत सरासरी चार ते पाच वेगवेगळे गुण मिळाले. म्हणजे यंदा ६ आणि पुढच्या खेपेला ५ गुण आले, तर पूल खरोखर खालावला की निरीक्षक बदलला, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. विद्यार्थ्याने हा अभ्यास लवकर समजून घ्यावा. पुढची सगळी गणिते याच गुणांवर उभी राहतात.

उपकरणांनी ही अनिश्चितता कमी होते, संपत नाही. काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता रिबाउंड हॅमरने, आतली पोकळी व भेगा अल्ट्रासोनिक लहरींनी, सळयांची जागा भूभेदी रडारने आणि गंज सुरू असण्याची शक्यता सळईच्या विद्युत विभवावरून अजमावतात. यातली एक साधी चाचणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती अल्कता घालवतो. काँक्रीटचा ताजा तुकडा तोडून त्यावर फेनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले, की शाबूत भाग गडद गुलाबी होतो आणि अल्कता गेलेला बाहेरचा पट्टा रंगहीन राहतो. त्या पट्ट्याची खोली पट्टीने मोजायची. ही खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंचवीस वर्षांत ती २० मिलिमीटर झाली असेल, तर ४० मिलिमीटर व्हायला एकूण शंभर वर्षे लागतील. त्यामुळे सळईवर ४० मिलिमीटर आवरण ठेवलेला खांब शंभर वर्षे निभावतो आणि बांधताना निष्काळजीपणाने २० मिलिमीटरच आवरण राहिलेल्या शेजारच्या खांबाच्या सळया पंचविसाव्या वर्षीच उघड्या पडल्यासारख्या होतात. आवरण निम्मे, तर आयुष्य पाव. समुद्रकाठच्या क्षारांमुळे येणारा गंज वेगळ्या वाटेने येतो आणि तिथे हे गणित चालत नाही.

इमारतींच्या बाबतीत मोजमापाचा दुसरा अर्धा भाग राहणाऱ्या-वावरणाऱ्या माणसांचा आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रोब’ अभ्यासमालेत वापरात आलेल्या इमारतींकडे परत जाऊन त्यांचा ऊर्जावापर आणि वापरणाऱ्यांचे समाधान तपासले गेले. आराखड्यातला ऊर्जावापर आणि प्रत्यक्षातला वापर यांत मोठी तफावत आढळली. समजायला अवघड नियंत्रणे आणि यंत्रणा चालवणाऱ्यांच्या क्षमतेबाहेरची गुंतागुंत ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. सर्वांना खूश करणारी इमारत मात्र शक्य नसते : डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांच्या प्रारूपानुसार उष्णतेच्या दृष्टीने सर्वोत्तम परिस्थितीतही सुमारे ५ टक्के लोक असमाधानी राहतात.

भाकीत आणि निर्णय

आजची स्थिती कळली तरी उद्याची सांगावी लागते. पुलांच्या व रस्त्यांच्या जाळ्यासाठी मार्कोव्ह साखळी हे साधन रूढ आहे. अमुक श्रेणीतला घटक पुढच्या तपासणीपर्यंत त्याच श्रेणीत राहण्याची किंवा खाली घसरण्याची संभाव्यता त्यात मांडतात. हजार पुलांचा एकत्रित अंदाज त्यातून बरा येतो. एका विशिष्ट पुलाचे भविष्य सांगायला हे साधन बनलेले नाही. शिवाय जुन्या नोंदींत मधल्या दुरुस्त्या लिहिलेल्या नसतील, तर पूल आपोआप सुधारल्याचा भास होतो आणि ऱ्हासाचा वेग खोटा कमी दिसतो. पर्जन्यजल वाहून नेणाऱ्या वाहिन्या, मोऱ्या आणि बंधारे यांच्याबाबत आणखी एक अडचण आहे. त्यांची क्षमता गतकाळातल्या पावसाच्या नोंदींवरून ठरवलेली असते. हवामान बदलत असताना त्याच नोंदींवर विसंबणे धोक्याचे आहे.

पैशाचा निर्णय जीवनचक्र खर्चावरून होतो : उभारणी, वापर, देखभाल, मोठी दुरुस्ती आणि शेवटी पाडकाम यांचा आजच्या मूल्यात काढलेला एकूण खर्च. इथे कसोटीचा आकडा म्हणजे वटावाचा दर, म्हणजे पुढे येणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य काढताना ती दर वर्षामागे ज्या टक्क्याने घटवतात तो. तीस वर्षांनी येणाऱ्या १०० रुपयांच्या दुरुस्तीचे आजचे मूल्य ३ टक्के दराने सुमारे ४१ रुपये, तर ७ टक्के दराने १३ रुपये भरते. दर चढा धरला की आज टिकाऊ बांधण्याला अर्थ उरत नाही आणि भार पुढच्या पिढीवर जातो. त्यामुळे हा दर परिशिष्टात दडवू नये, उघडपणे मांडून त्यावर चर्चा करावी. नेमका उलटा विचार स्कॉटलंडमधल्या १८९० च्या फोर्थ रेल्वे पुलावर झाला. वर्षानुवर्षे सतत रंग देत राहण्याऐवजी २००२ ते २०११ या काळात जुने थर काढून काचकणयुक्त इपॉक्सीचा लेप दिला गेला. तो किमान २५ वर्षे टिकेल अशी अपेक्षा आहे.

मूल्यमापन झाले म्हणजे निर्णय झाला असे नाही, आणि याच अंतरात माणसे मरतात. फ्लोरिडातल्या सर्फसाइड येथील चॅम्पलेन टॉवर्स साउथ या निवासी इमारतीची २०१८ मध्ये अभियंत्याकडून तपासणी झाली होती. तरणतलावालगतच्या सपाट स्लॅबला उतार नसल्याने पाणी साचते, जलरोधक थर निकामी झाला आहे आणि खालच्या काँक्रीटची हानी झाली आहे, असे अहवालात नोंदवलेले होते. इमारत कोसळेल असे त्यात म्हटलेले नव्हते. दुरुस्तीचा अंदाज वाढत गेला, खर्च सदनिकाधारकांत वाटून घेण्यावरून वाद झाले, आणि मोठे काम मार्गी लागण्याआधीच २४ जून २०२१ रोजी पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळून ९८ जणांचा बळी गेला. सामूहिक मालकीच्या इमारतीत अहवाल कोणाच्या भाषेत लिहिला, त्यात तातडीची पातळी स्पष्ट होती का, दुरुस्तीसाठी निधी आधीपासून साठत होता का, हे प्रश्न काँक्रीटच्या बळाइतकेच कामगिरीचे प्रश्न आहेत. थकलेल्या देखभालीची रक्कम पुनर्बांधणीच्या मूल्याने भागून येणारा सुविधा-स्थिती निर्देशांक अशा वेळी मालकांपुढे ठेवायला उपयोगी असतो. तो ५ टक्क्यांच्या आत चांगला आणि १० टक्क्यांपुढे वाईट मानण्याचा प्रघात आहे.

अध्ययन

विद्यापीठांत हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर, सुविधा व्यवस्थापन, पायाभूत मालमत्ता व्यवस्थापन किंवा स्थापत्य अभियांत्रिकीतील विशेष शाखा म्हणून शिकवला जातो. ऱ्हासाची यंत्रणा, चाचण्या, विश्वासार्हता-सिद्धांत, जीवनचक्र खर्च, जोखीम, करार आणि माहिती-व्यवस्थापन हे त्याचे ठरलेले भाग. शेवटच्या भागाचे वजन अलीकडे वाढले आहे. बांधकाम-माहिती प्रारूपे (वास्तूच्या घटकांची माहिती साठवणारे संगणकीय नमुने), संवेदके आणि डिजिटल ट्विन (प्रत्यक्ष वास्तूची संगणकातली प्रतिकृती) यांमुळे नोंदींचा पूर आला आहे, पण हस्तांतरणाच्या वेळी मिळालेले नकाशे आणि जागेवरचे बांधकाम जुळत नाही ही जुनी तक्रार कायम आहे. भिंतीत कोणती वाहिनी कुठून गेली आणि तिची झडप कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर संवेदकाने गळती मिनिटात कळवूनही पाणी बंद करायला तासन् तास जातात. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष इमारत किंवा पूल घेऊन मालमत्तेची नोंदवही तयार करण्याचे काम असते. विद्यार्थी घटकांची यादी करतात, एकाच घटकाला एकमेकांपासून स्वतंत्रपणे गुण देतात, गुणांतला फरक तपासतात आणि उरलेल्या आयुष्याचा अंदाज एका आकड्यात न सांगता कमाल-किमान मर्यादांसह मांडतात.