अग्निगोल (नाशिक परिसरातील दर्शन)

अग्निगोल : शुक्राइतकी किंवा त्याहून तेजस्वी उल्का. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या व्याख्येत १०० किमी. अंतरावरून दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका ऋण, तितके तेज अधिक) -४ हून तेजस्वी भरणारी उल्का या वर्गात येते. सेकंदाला ११ ते ७२ किमी. वेगाने वातावरणात शिरलेला खडक साधारण १०० किमी. उंचीवर पेटू लागतो व बहुधा काही सेकंदांतच विझतो.

नाशिकला ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षाव ढगांमुळे सहसा हुकतो. अग्निगोलांसाठी ख्यात असलेला वृषभ वर्षाव (ऑक्टोबर-नोव्हेंबर) आणि डिसेंबरच्या मध्यावरील मिथुन वर्षाव मात्र निरभ्र आकाशात येतात. थंडीत निफाड-दिंडोरीकडे रात्री दारे धरणारा शेतकरी हा अशा दर्शनाचा उत्तम साक्षीदार होय.

दर्शनावेळच्या ध्वनीबद्दल दीर्घकाळ मतभेद आहेत. स्फोटाचा गडगडाट ९० किमी. अंतर कापायला चार-पाच मिनिटे घेतो. तरीही उल्का डोळ्यांसमोर असतानाच सळसळ वा तडतड ऐकल्याचे अनेकांनी सांगितले आहे. इंग्रज खगोलज्ञ एडमंड हॅली याने १७१९ च्या उल्केसंबंधी असे कथन कल्पनेचा खेळ मानले. वराहमिहिराने बृहत्संहितेत (सु. सहावे शतक) उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पाच प्रकार सांगून अशनीला महाध्वनी, तर विद्युतेला ‘तटतट’ असा ध्वनी दिला आहे. मात्र त्यातील विद्युत् ही आकाशातील वीजच असावी, असे वर्णनावरून वाटते. तिला या वादात पुरावा मानणे धाडसाचे ठरेल. भौतिकीविद कॉलिन के याने १९८० मध्ये अतिदीर्घ रेडिओतरंगांचा सिद्धांत मांडला : उल्केतून निघालेले हे तरंग निरीक्षकाजवळच्या वस्तू कंपित करून आवाज उमटवतात. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दुसरे कारण सुचविले : पौर्णिमेच्या चंद्राइतक्या तेजस्वी उल्केचा प्रकाश वेगाने कमीजास्त होतो, त्याने केस, पाने, कापड यांचे पृष्ठभाग किंचित तापतात-निवतात व लगतची हवा कंप पावते. रेडिओतरंगांप्रमाणे प्रकाशही तत्क्षणी पोहोचत असल्याने दोन्ही स्पष्टीकरणांत आवाज दर्शनासोबतच येऊ शकतो.

‘ब्रह्मगिरीमागे पडला’ अशी साक्ष जपून घ्यावी. क्षितिजापासून १०° वर दिसणारा, ८० किमी. उंचीवरचा अग्निगोल जवळपास ४०० किमी. दूर असतो, नाशिकहून पश्चिमेला तो अरबी समुद्रावर असणार. म्हणून पडल्याच्या अंदाजापेक्षा उभे राहिल्याची जागा, दिशा, कोनीय उंची, वेळ आणि आवाज किती उशिरा आला, या नोंदी मोलाच्या. दोन दूरच्या गावांतून त्या मिळाल्या तर खरा मार्ग काढता येतो.

मिनिटभर रेंगाळणारी, तुकड्यांची रांग ओढणारी ज्योत बहुधा अग्निगोल नसून परतलेले अंतराळ-अवशेष असते. त्यांचा वेग सेकंदाला ८ किमी.च्या आतच असतो. २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी महाराष्ट्र व मध्य प्रदेशातून दिसलेले दृश्य चिनी लाँग मार्च-३बी अग्निबाणाच्या टप्प्याचे असल्याचे मानले जाते, त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे धातूचे मोठे कडे सापडले.