पार्श्वभूमी : दुसऱ्यासाठी प्रार्थना, आणि तिच्यातल्या प्रेमाचा कस

ख्रिस्ती उपासनेतल्या मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेल्या, प्रार्थनेचे मूळ प्रेमात आहे, याबद्दल पंथापंथांत दुमत नाही. वाद होतो तो पुढच्या प्रश्नावर: ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे भले कशात आहे, हे कोणी ठरवायचे?

बायबलमधले दाखले बहुतेकांना पाठ असतील. सदोमसाठी पन्नासांवरून दहांपर्यंत घासाघीस करणारा अब्राहाम, लोकांना क्षमा नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव खोडून टाक म्हणणारा मोशे, अंगावर धोंडे पडत असताना मारेकऱ्यांसाठी बोलणारा स्तेफन. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा शत्रूवरच्या प्रेमाला जोडूनच येते. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथल्या वृद्ध बिशपांना पकडायला शिपाई आले, तेव्हा त्यांनी आधी त्यांना जेवायला वाढायला सांगितले, थोडा वेळ मागून घेतला आणि ओळखीच्या सगळ्यांची आठवण काढत दोन तास प्रार्थना केली. त्यांच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात हे सगळे नोंदलेले आहे.

तेराव्या शतकात एका मोठ्या धर्मपंडिताने या प्रेमाला नियमात बसवले. स्वतःसाठी प्रार्थना गरज करायला लावते, दुसऱ्यासाठी बंधुप्रेम करायला लावते, हे जुने वचन त्याने आधाराला घेतले. शत्रूबद्दल त्याचा निवाडा मोठा व्यवहारी आहे. सर्वांसाठी केलेल्या प्रार्थनेतून शत्रूला वगळता येणार नाही, एवढे बंधनकारक. एरवी त्याचे नाव घेऊन वेगळी प्रार्थना करणे ही पूर्णतेची पायरी, सक्ती नाही.

पण तत्त्वाचा खरा कस लागला तो नित्याच्या उपासनेत. रोमन मिस्सामधली, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतली, सर्वांसाठीची मध्यस्थी सहाव्या शतकाच्या सुमारास गळून पडली, ती दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या 1963 च्या ठरावाने परत आली. मधल्या काळात तिचे जुने रूप टिकले ते उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या क्रुसावरील मृत्यूच्या स्मरणदिनी (गुड फ्रायडे). ख्रिस्तसभा, पोप, धर्मगुरू, राज्यकर्ते, बाप्तिस्म्याचे उमेदवार, संकटात असलेले, पंथभेदी, यहुदी आणि मूर्तिपूजक अशा नऊ प्रार्थना. प्रत्येक प्रार्थनेआधी गुडघे टेकायचे, क्षणभर गप्प राहायचे, मग उठायचे. यहुद्यांच्या प्रार्थनेला मात्र नवव्या शतकाच्या आसपासपासून गुडघे टेकणे बंद झाले. कारण असे दिले जाई की, यहुद्यांनी येशूपुढे गुडघे टेकून त्याची चेष्टा केली होती. शुभवर्तमानात ती चेष्टा रोमन शिपाई करतात, पण एवढी साधी गोष्ट कित्येक शतके कुणाला आड आली नाही. शिवाय त्या प्रार्थनेत यहुद्यांना लावलेले लॅटिन विशेषण होते. त्याचा मूळ अर्थ ‘विश्वास न ठेवणारे’ असा सांगता येतो, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते ‘विश्वासघातकी’ असेच लागे.

माझ्या मते शब्दापेक्षा न टेकलेले गुडघे जास्त बोलके होते. शब्द लॅटिनमध्ये होता, फार थोड्यांना कळत असेल. पण बाकी वेळी खाली वाकणारी मंडळी याच वेळी उभी राहते, हे लहान मुलालाही दिसत होते.

1926 मध्ये रोममध्ये एक संघ निघाला. कार्डिनल, शेकडो बिशप आणि हजारो धर्मगुरू त्याचे सभासद झाले. विशेषण काढा आणि गुडघे टेकणे परत सुरू करा, अशी त्यांची मागणी होती. उपासनेच्या तज्ज्ञांनी अनुकूल मत दिले, पण श्रद्धेच्या रक्षणाचे काम पाहणाऱ्या खात्याने नकार दिला आणि मार्च 1928 मध्ये संघच विसर्जित झाला. विसर्जनाच्या त्याच आदेशात यहुदीद्वेषाचा निषेधही होता. प्रार्थना आहे तशी ठेवायची आणि द्वेष नको म्हणायचे, ही कसरत पुढच्या दशकांत टिकण्यासारखी नव्हती.

गुडघे टेकणे 1955 च्या सुधारणेने परत आले. विशेषण 1959 मध्ये तेव्हाच्या पोपनी काढायला लावले. 1963 च्या उत्तम शुक्रवारी गाणाऱ्याच्या तोंडून चुकून जुना पाठ गेला, तेव्हा त्यांनी उपासना थांबवून तो भाग पुन्हा म्हणायला लावला. 1970 मध्ये पाठ पूर्णच बदलला. देवाचे वचन ज्यांनी आधी ऐकले त्या लोकांनी त्याच्या नावावरच्या प्रेमात आणि त्याच्या कराराशी निष्ठेत वाढावे, अशी मागणी आली. त्यांनी धर्मांतर करावे, हा उल्लेख गेला.

इथे हा विषय मिटायला हवा होता. पण 2007 मध्ये जुन्या, धर्मसभेनंतरच्या बदलांआधीच्या लॅटिन विधीला व्यापक मोकळीक मिळाली आणि फेब्रुवारी 2008 मध्ये त्या विधीसाठी यहुद्यांच्या प्रार्थनेचा नवा पाठ आला: देवाने त्यांची अंतःकरणे उजळावीत आणि त्यांनी येशूला सर्वांचा तारणारा म्हणून ओळखावे. यहुदी संस्थांनी तीव्र नाराजी नोंदवली. समर्थकांचे म्हणणे असे की, आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते तेच दुसऱ्यासाठी मागणे हे तर प्रेमच. युक्तिवाद पोकळ नाही. मात्र ज्याच्यासाठी मागायचे त्यानेच शतकानुशतके त्या मागणीची झळ सोसली असेल, तर त्याचे ऐकून घेणेही प्रेमातच येते, आणि या बाजूला 2008 मध्ये कमी वजन मिळाले.

हाच प्रश्न ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहात आधीच सुटला होता, म्हणून हे जास्त खटकते. 1908 मध्ये अमेरिकेत 18 ते 25 जानेवारीचा हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा बाकीच्या ख्रिस्ती पंथांनी रोमकडे, म्हणजे कॅथलिक चर्चकडे, परतावे हाच त्याचा रोख होता. 1930 च्या दशकात फ्रान्समधल्या लियोंच्या एका धर्मगुरूने मागणीच बदलली: ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गाने. त्यामुळे ज्यांच्यासाठी प्रार्थना चालायची ते शेजारी येऊन बसू शकले, आणि 1968 पासून सप्ताहाचे साहित्यच कॅथलिक आणि इतर पंथ अशा दोन्ही बाजू मिळून तयार करू लागल्या.

2021 मध्ये जुन्या विधीवर पुन्हा मर्यादा आल्या. बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये आज 1970 चाच पाठ चालतो. 2008 चा पाठ मागे घेतलेला नाही, जिथे जुन्या विधीला परवानगी आहे तिथे तो म्हटला जातो.