‘मारा, आमची हरकत नाही’ म्हटलं की झालं?

‘मास्तर, ऐकला नाही तर खुशाल बदडा,’ असं आमचे आजोबा नौपाड्यातल्या शाळेत सांगून यायचे. घोडबंदरच्या आमच्या सोसायटीत आजही ऐकू येतं: पालकांनी लिहून दिलं की शिक्षकांना हात उगारायला मोकळीक. साफ चूक.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. मोडल्यास शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. पालकांच्या संमतीची पळवाट त्यात नाहीच. म्हणजे पट्टी तर नाहीच, वर्गासमोर ‘ढ गोळा’ म्हणून हिणवणंही नाही. (हे दुसरं आजोबांना अजून पटलेलं नाही.) गृहपाठ राहिला तर विचारायचं, पालकांना बोलवायचं, त्याला कायद्याची आडकाठी नाही.