डाळीच्या दाण्याआड चंद्र

पौर्णिमा जवळ आली की मोबाइलवर ‘महाकाय सुपरमून’, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आलेला पौर्णिमेचा चंद्र, उगवतो. परवा इंदूरला रामबागेतल्या आमच्या गच्चीवर भाची ओरडलीच, “आत्या, बघ ना, केवढा मोठा!” समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर येत होता आणि खरोखर परातीएवढा वाटत होता.

मी तुरीच्या डाळीचा एक दाणा आणला. हात ताठ, दाणा चिमटीत, एक डोळा मिटलेला. दाण्यामागे चंद्र जवळजवळ पूर्ण झाकला गेला. रात्री दहाला चंद्र बराच वर आल्यावर पुन्हा पाहिलं. दाणा तोच, चंद्रही तेवढाच. उगवताना तो मोठा दिसतो ही मेंदूची करामत आहे. उलट डोक्यावरच्या चंद्रापेक्षा क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून सुमारे 6,400 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, जास्त लांब असतो.

आता माझा लाडका भाग. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर, सरासरी अंतर 3,84,400. भागाकार करा: सुमारे 110. म्हणजे कोणतीही गोल वस्तू तिच्या रुंदीच्या 110 पट लांब ठेवली की ती नेमकी चंद्राएवढी दिसते. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं. ते खिडकीच्या काचेवर चिकटवा आणि चंद्र जेमतेम झाकला जाईपर्यंत मागे सरका. डोळा ते नाणं अंतर भरेल जवळपास 3 मीटर. चंद्र सर्वांत जवळ असताना ते 2.77 मीटर येतं, सर्वांत लांब असताना 3.16. सुपरमूनचा सगळा गाजावाजा या वीतभर-दोन वीत फरकाचा! संधिप्रकाशात मोजा, तेव्हा चंद्र डोळ्यांवर येत नाही.

हेच उलटंही चालतं. टाकी मीटरभर रुंद असेल आणि चंद्राएवढीच दिसत असेल, तर ती 110 मीटरवर आहे.

‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप दरवर्षी फिरतो. मंगळ अगदी जवळ आला तरी चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढाच दिसतो. दाणा धरला की कळतं. एवढ्याशा ठिपक्याच्या धाकाने आपल्याकडे अजून मुलींची लग्नं अडतात, याचा मला मनापासून राग येतो.

भाचीने खिडकीसमोरच्या फरशीवर खडूने पहिली खूण केली आहे, शेजारी तारीख. पुढच्या पौर्णिमेपर्यंत ती पुसायची नाही, असं घरात सगळ्यांना बजावलंय.